पाणी थांबण्याची वेळ

३० ऑक्टोबर

बेडके,

पोस्टकार्ड पोचलं. पाच ओळींच्या कार्डात तीन ओळी मासे आणि दोन ओळी डास. मामा कसा आहे, जिवंत आहे की गेला, याला जागा उरली नसावी. असो. जिवंत आहे.

हंगाम सुरू झाला म्हणतेस. पाऊस गेला, पाणी निवळायला लागलं आणि पाहुणे टाक्या पाठीला बांधून प्रवाळ बघायला रांगेत उभे राहिले, म्हणजे आता मार्चपर्यंत तू आम्हाला विसरणार. आपली अट मात्र विसरू नकोस. तुझी आई गेल्यावर तुला या घरात आणली तेव्हा तू सात वर्षांची होतीस आणि पोहण्याच्या तलावातून बाहेर यायला तयार नव्हतीस. पुढे हे पाणबुडीचं खूळ डोक्यात घेतलंस तेव्हाही मी आडवा आलो नाही. अट एकच घातली. दर पत्रात तीन गोष्टी लिहायच्या: कोणत्या तारखेला उतरलीस, खिंडीतलं पाणी किती वाजता थांबलं आणि पाण्यात किती लांबचं दिसलं. एकतीस वर्षं बंदर कचेरीत भरती-ओहोटीचं पाणी मोजायची काठी वाचली. निवृत्त झालो म्हणून हाताची खाज जात नाही. शिवाय तुमच्या बेटावरचा फोन बोटींच्या कामाचा, आणि फोनवर बोललेलं वहीत डकवता येत नाही.

तुमच्या खिंडीचं यंदाचं कोष्टक मी करतोय. प्रवाळाच्या भिंतीला ती एवढीच फट, त्यामुळे सगळा समुद्र तिथूनच आत शिरणार आणि तिथूनच बाहेर पडणार. पाणी थांबतं ती वीस मिनिटं सोडली तर तिथे माणसाचं काम नाही, हे तुला सांगायला नको. कोष्टक पुरं व्हायला वेळ आहे. तू ११ नोव्हेंबरला हंगामातली पहिली खेप खिंडीत नेणार म्हणतेस, म्हणून तेवढा एक आकडा आधी काढून दिला. त्या दिवशी पाणी ९:१० ला थांबेल. पुढची वीस मिनिटं तुझी.

पत्र मिळाल्याची पोच दे. कार्बनची नक्कल माझ्या फायलीत आहे, त्यामुळे मिळालं नाही म्हणून सुटका नाही.

तुझा मामा

ता. क. मामी लिहितेय. यांनी माझ्या गोळ्यांच्या डबीवर वेळ लिहून ठेवलीय. नऊ आहे की एक, काही कळत नाही. विचारलं तर म्हणतात, तुझा चष्मा पूस. तू आलीस की यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊ. माझं ऐकत नाहीत.

---

२१ नोव्हेंबर

मामा,

पोच देते. पत्र मिळालं, उशीर झाला, कान पकडते.

हंगाम जोरात आहे. पहिली खेप छान झाली. तू सांगितलेल्या वेळेलाच उतरले. तुझ्या वहीसाठी: २० नोव्हेंबर, पाणी सकाळी साडेसातला थांबलं, पंचवीस मीटर लांबचं दिसत होतं. पाणी कोमट, अंगावर पातळ सूट पुरतो. पोपटमाशांचा थवा भिंतीला लागून चरत होता, पाहुणे खूश.

जेवण ठीक आहे. डास कमी झाले. मामीला सांग की खोकला नाही, सर्दी नाही, मी खुशाल आहे.

मामा, तू डोळे तपासून घेतलेस का? मामी म्हणते त्यात खोटं काय आहे? एकदा जाऊन ये. माझ्यासाठी जा.

अक्षर वाकडंतिकडं आलंय, कारण बोटीत बसून लिहितेय.

तुझी बेडकी

---

२६ नोव्हेंबर

बेडके,

पत्र तीनदा वाचलं. दोनदा प्रेमाने आणि एकदा फुटपट्टी घेऊन.

वीस तारखेला पाणी साडेसातला थांबलं म्हणतेस. माझ्या हिशोबाने ते सव्वादहाला थांबायला हवं. दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे मी समजू शकतो, वारा असतो, हवेचा दाब असतो. पावणेतीन तास? साडेसातला तुमच्या खिंडीतून पाणी असं धावत असणार की पोपटमासासुद्धा भिंतीला धरून बसेल. मग तुला तेव्हा कुणी उतरवलं? दुसऱ्या खेपेचे पाहुणे गाठायचे म्हणून तो तुमचा मालक लवकर बोट सोडतो का? त्याला पाण्यातलं कळत नाही हे मी गेल्या वर्षी त्याला पाहिलं तेव्हाच मामीला म्हटलं होतं. माणूस घड्याळाकडे बघून बोलतो, पाण्याकडे बघत नाही. मी त्याला पत्र लिहायच्या विचारात आहे.

दुसरं. बोटीत बसून लिहिलंस म्हणतेस. तू चार वर्षं बोटीतूनच लिहितेयस. बोटीतलं तुझं अक्षर मला पाठ आहे, ते वर-खाली होतं. हे डावीकडे कलंडलंय. आडवं पडून लिहिल्यासारखं. झोपून लोळत लिहिलं असशील तर तसं सांग, बोटीवर कशाला घालतेस?

तिसरं. माझ्या डोळ्यांची तुला अचानक एवढी काळजी का? चार वर्षांत कधी विचारलं नाहीस. मामीने फितवलं असेल तर दोघींना सांगतो, माझे डोळे माझ्या आकड्यांइतकेच पक्के आहेत.

सोबत पूर्ण हंगामाचं कोष्टक पाठवतोय. फेब्रुवारीअखेरपर्यंत आहे. आता तरी त्याप्रमाणे चाल.

आणि एक सहज विचारतो. धक्क्याच्या आडोशाला छोट्या होड्या नांगरलेल्या असतात ना, सकाळी त्यांचं तोंड कुठल्या दिशेला असतं? वहीत एक रकाना रिकामा राहिलाय.

तुझा मामा

---

२ डिसेंबर

मामा,

मालकाला लिहू नकोस. हात जोडते. त्याचा काही दोष नाही आणि तो तुझ्या पत्रांना सरावलेला नाही. मला इथे काम करायचंय.

कोष्टक मिळालं. खूप मेहनत घेतलीस. जपून ठेवलंय.

वहीसाठी: २४ नोव्हेंबर, पाणी पावणेअकराला थांबलं, बावीस मीटर. २७ नोव्हेंबर, सातला थांबलं, पंचवीस मीटर. समुद्र आरशासारखा आहे. तुझ्या कोष्टकाशी जुळत नसेल तर नसेल. आकडा कधीकधी चुकतो मामा. कुणाचाही चुकतो. त्यावरून एवढं रान उठवायचं कारण नाही.

होड्यांचं तोंड उगवतीकडे असतं, जरासं उत्तरेला. नोव्हेंबर सरता सरता असतं तसंच.

लोळतच लिहिलं होतं. पकडलंस. आता खूश?

डोळ्यांचं मी काय विचारलं होतं त्याचं उत्तर दिलं नाहीस. गेलास का?

बेडकी

---

८ डिसेंबर

बेडके,

आता शांतपणे लिहितो. शांतपणे लिहायला मला दोन दिवस लागले. मामी म्हणत होती, आधी जेव, मग लिही. जेवलो आहे.

पहिली गोष्ट, होड्या. धक्क्याच्या आडोशाला प्रवाह नसतो, तिथे होडी फक्त वाऱ्याचं ऐकते आणि वारा येतो तिकडे तोंड करते. दर साली नोव्हेंबर सरता सरता तुमच्याकडे ईशान्येचा वारा लागतो, होड्या उगवतीकडे बघतात. यंदा नाही. १४ तारखेपासून पश्चिमेचा वारा उलटून आलाय. वर्तमानपत्रात दोनदा आलं, लहान होड्यांना बाहेर पडू नका म्हणून बजावलंय. म्हणजे यंदा प्रत्येक होडीचं तोंड मावळतीकडे आहे, आणि धक्क्यावर चहा प्यायला उभ्या राहिलेल्या माणसालाही ते दिसतं. तुला दिसलं नाही. आणि अशा वाऱ्यात तुमच्या समुद्राचा आरसा होत नाही, गढूळ चहा होतो. पंचवीस मीटर कुठून आणलेस?

दुसरी गोष्ट, वेळा. तू पाठवलेल्या तिन्ही वेळा वहीत माझ्या आकड्यांशेजारी लावल्या. वीस तारखेला तुझे साडेसात, माझे सव्वादहा. चोवीसला तुझे पावणेअकरा, माझे दीड. सत्तावीसला तुझे सात, माझे पावणेदहा. प्रत्येक वेळी पावणेतीन तास, ना मिनिट जास्त ना कमी. चूक अशी शिस्तीत होत नाही पोरी. चूक कधी इकडे जाते, कधी तिकडे. एकसारखा फरक आला म्हणजे कुणीतरी दुसरीकडून उतरवून घेतलंय. गेल्या सालच्या फायलीतून तुझी पत्रं काढली. तारीख तीच, वेळ तीच. अगं, चंद्र सालाला अकरा दिवस सरकतो. तारीख तीच आली तरी पाणी तेच येत नाही. हे मी तुला स्वयंपाकघरात बशी आणि लिंबू घेऊन शिकवलं होतं, नववीत होतीस.

तेव्हा तू गेल्या सालची नोंदवही उशाशी घेऊन मला यंदाचा समुद्र पाठवतेयस. तू बेटावर नाहीस.

तिसरी गोष्ट. तुझं ‘लिहू नकोस’ पोचण्याआधीच मी मालकाला लिहिलं होतं. तुझ्याबद्दल दोनच ओळींचं उत्तर आलं: आपली भाची ११ नोव्हेंबरपासून कामावर नाही, बाकी तिलाच विचारावे. एवढं मोजून-मापून लिहिणारा माणूस काहीतरी झाकत असतो.

म्हणून विचारतो. कुणाबरोबर निघून गेलीस का? गेली असशील तर मी दार लावून घेणार नाही. लग्न केलंस? भांडून नोकरी सोडलीस? मामी रोज नवीन तर्क काढते आणि प्रत्येक तर्कानंतर देवासमोर जाऊन बसते. मला तर तिच्यापेक्षा वाईट तर्क सुचतात, मी ते बोलत नाही.

आणि हेही सांग. खोटंच लिहायचं होतं तर माझं कोष्टक तुझ्या हातात होतं. सव्वीस तारखेच्या पत्रात ते मीच घातलं होतं. त्यातून दोन आकडे उतरवले असतेस तर मला जन्मात पत्ता लागला नसता. का नाही उतरवलेस? वर मलाच म्हणतेस, आकडा चुकतो. एकतीस वर्षांत माझ्या आकड्यावर एक बोट वाळूत रुतली नाही.

असो. मालकाला लिहिलं तेव्हा त्या कोष्टकाची हाताने लिहिलेली एक प्रतही सोबत पाठवली होती. वारा पडला की खिंडीतल्या खेपा सुरू करणार आहे, त्यासाठी फळ्यावर लावून ठेवलंय म्हणतो. निदान त्याला तरी माझी किंमत आहे.

वाट बघतोय.

मामा

---

१३ डिसेंबर

मामा,

कोष्टक मालकाला पाठवलंस हे वाचलं आणि आधी फोन केला. इथल्या कचेरीतून, बेटावरच्या कचेरीत. ते फळ्यावरून उतरवायला लावलं. मगच हे लिहायला बसलेय. आता लपवून उपयोग नाही. दुसरा कुणी त्यावर विसंबून उतरला असता तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

मी रुग्णालयात आहे. मुख्य बंदराच्या गावात, टेकडीवरच्या पांढऱ्या इमारतीत. महिना झाला. बेटाचं टपाल नेहमी इथूनच येतं-जातं, म्हणून तुझी पत्रं मला इथेच मिळाली आणि शिक्का बघूनही तुला संशय आला नाही.

अकरा तारखेला पाहुण्यांना नेण्याआधी मी एकटीच खिंड बघायला उतरले, नेहमीसारखी. तुझं पत्र बोटीत होतं. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी उतरले. पाणी थांबलेलं नव्हतं. वरूनच दिसत होतं मामा, भिंतीच्या तोंडाशी पाणी उकळत होतं. आमचा म्हातारा बोटवाला म्हणाला, आज नको. मी म्हटलं, माझ्या मामाचा आकडा आहे, आता दोन मिनिटांत थांबेल. खाली गेल्यावर खिंडीने मला उचललं. भिंतीला घासत बाहेर नेलं, खोल नेलं, मग वर फेकलं. मी हळू वर येऊ शकले नाही. रक्तात हवेचे बुडबुडे झाले. बोटवाल्याने ओढून घेतलं म्हणून आहे.

इथे दाबाच्या मोठ्या टाकीत आठ वेळा ठेवलं. डावा पाय अजून पुरता माझा झालेला नाही. काठी घेऊन व्हरांड्याच्या दोन फेऱ्या मारते. चालता येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. पाण्याखाली पुन्हा जाता येणार नाही, असंही म्हणतात. ते दोनदा विचारून झालं, तिसऱ्यांदा विचारत नाही. मालकाने मी सांगितलं म्हणून तोंड बंद ठेवलं. तो काही झाकत नव्हता, मीच त्याला झाकायला लावलं.

का लपवलं ते सांगते. तुझं पत्र माझ्याजवळ आहे. शुद्धीवर आल्यावर पुन्हा वाचलं. १:१० असंच दिसलं. इथल्या नर्सबाईंना वाचायला दिलं तर त्या म्हणाल्या, हा नऊ आहे, शेपूट जरा कमी पडलंय. मी रोज बघते. मला अजूनही एकच दिसतो. मग मामीच्या गोळ्यांच्या डबीचं आठवलं आणि कळलं, दोष तुझ्या डोळ्यांचा आहे. तुला हे कळलं तर तू वही मिटशील, आणि वही मिटलेला मामा मला बघायचा नव्हता. म्हणून वाटलं, पाय बरा होईपर्यंत मी समुद्रात आहे असंच लिहावं, आणि तेवढ्यात तू डोळे दाखवून यावंस.

तुझ्या कोष्टकातून का उतरवलं नाही? घेतलं होतं हातात. पहिलीच ओळ वाचली, नऊ होता की एक, कळेना. पुढे लिहवलं नाही. चंद्राचे अकरा दिवस मला पाठ आहेत मामा. औषधांनी डोकं जड होतं, तेव्हा तेही सुचलं नाही.

चूक माझी आहे. पाणी समोर धावत होतं आणि मी कागदाकडे बघत होते. रागवू नकोस. मामीला हळू सांग.

तुझीच बेडकी

---

१९ डिसेंबर

लाडके बेडके,

अक्षर मामीचं आहे, शब्द माझे. यापुढे असंच.

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचलं. शेवटाला आली तेव्हा तिला वाचवेना आणि मला ऐकवेना. मग मी फाईल काढली. तीस ऑक्टोबरच्या पत्राची नक्कल त्यात आहे. मामीला काही न सांगता विचारलं, हा कोणता आकडा आहे? ती म्हणाली, एक. मी खिडकीत गेलो, उजेडात धरला. भिंग लावलं. मी माझ्या हाताने नऊ लिहिला होता, मला पक्कं माहीत होतं की तो नऊ आहे, आणि मलाही एकच दिसला.

मी तीन आठवडे तुझ्यावर संशय घेत होतो. होड्या तपासल्या, वारे तपासले, मालक तपासला, तुझं कलंडलेलं अक्षर तपासलं. माझं अक्षर तेवढं तपासलं नाही. मला फार वाईट वाटतंय पोरी. हे वाक्य मामी लिहायला तयार नव्हती, मी दोनदा सांगितलं तेव्हा लिहिलं.

काल डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस कसं काढलंत? मी म्हटलं, आकडे पाठ होते. शस्त्रक्रिया जानेवारीत ठेवलीय. त्याआधी तुझ्याकडे येतो.

मालकाला सविस्तर लिहिलंय, कोष्टक परत मागवलंय. वही मिटणार नाही, घाबरू नकोस. कोष्टक नवीन करणार आहे, फक्त त्यात एकही आकडा नसेल. सगळं अक्षरी. नऊ वाजून दहा मिनिटं, असं. ते लिहायला मला माणूस लागेल, ज्याचे डोळे धड आहेत आणि ज्याला खिंड ठाऊक आहे. तुझ्या पायाचं काय होईल ते मला माहीत नाही. हात तर धड आहेत ना तुझे?

चूक तुझी आहे असं लिहिलंस. अर्धी घे, जास्त मागू नकोस. पण एवढं लक्षात ठेव, पुढे कधी मामाचा आकडा आणि समोरचं पाणी जुळलं नाही, तर मामाला खोटा ठरव. मला चालेल. तू नसलेली चालणार नाही.

आम्ही दोघं गुरुवारी निघतोय. बस शुक्रवारी सकाळी नऊ वाजता तुमच्या गावात येते. मामीने अक्षरात लिहिलंय, मी तिच्याकडून वाचूनही घेतलं. दारापर्यंत चालत येऊ नकोस, खुर्चीत बसून राहा, आम्ही वर चढून येतो.

मामा